सुतार सूत बोलतो
वाचकांचे प्रश्न : घर आणि दुकान

दिवाळी तोंडावर आली की या सदराकडे येणारी पत्रं एकाच सुरातली असतात : हॉलला कोणता रंग द्यावा? या वेळी मात्र निम्म्याहून जास्त पत्रं इंटिरिअर शिकणाऱ्या मुलामुलींची आहेत. सबमिशन जवळ आलेलं दिसतंय. मी सव्वीस वर्षं पुण्यात घरं आणि दुकानं करते आहे आणि दर गुरुवारी शिकवायलाही जाते, त्यामुळे या पत्रांमधली घायकुती ओळखीची आहे. रंगवाल्यांची उत्तरं पुढच्या अंकात. तसेही दिवाळीपर्यंत रंगारी मिळणार नाहीत.

मी दुसऱ्या वर्षाला आहे. इचलकरंजीतल्या मामांच्या वन बीएचके फ्लॅटचं काम मला मिळालं, आयुष्यातलं पहिलंच. बेडरूममध्ये कॉलम आणि भिंत यांच्यामध्ये साडेपाच फुटांची जागा होती, तिथे तीन दारांचं कपाट काढलं. सुतारांनी ते वर्कशॉपमध्ये बनवून आणलं आणि ते अर्ध्यात अडकलं. ते म्हणतात ड्रॉइंग चुकलं, मी म्हणते माप बरोबर होतं. मामी काहीच बोलत नाहीत, तेच जास्त लागतं. (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

माप बरोबरच घेतलं असशील, पण एकाच ठिकाणी. तेही बहुतेक जमिनीलगत, कारण टेप तिथे टेकवायला सोपा जातो. गवंडी ओळंबा लावतो हे खरं, पण प्लास्टर करताना हात कुठे जड पडतो, कुठे हलका. खाली 66 इंच भरलेली जागा वर बीमपाशी साडेपासष्ट निघते. त्यात खाली स्कर्टिंगची टाइल भिंतीच्या पुढे दोन-तीन सूत आलेली असते. ती तुझ्या प्लॅनमध्ये नसणारच, कारण प्लॅनमध्ये भिंत ही एक रेघ असते.

कोनाड्यात किंवा दोन भिंतींच्या मध्ये काही बसवायचं असेल तर माप तीन उंचींवर घे : स्कर्टिंगच्या वर, कमरेपाशी आणि दाराच्या चौकटीच्या वर. मागच्या बाजूला वेगळं, पुढच्या बाजूला वेगळं. मग खोलीचे दोन्ही कर्ण मोज. ते सारखे आले नाहीत तर खोली गुण्यात (काटकोनात) नाही, आणि सोसायटीच्या फ्लॅटमधली खोली गुण्यात सापडली तर मला कळव, मी बघायला येईन. या सगळ्यांत जे माप सर्वांत लहान येईल ते धरायचं, दोन्ही बाजूंनी दोन-दोन सूत सोडायचे आणि राहिलेली फट पुढून पट्टीने झाकायची. ती पट्टी सुतार जागेवर बसून भिंतीच्या वळणाप्रमाणे रंधून घेतो.

हे 'सूत' तुला कॉलेजात कोणी सांगितलेलं नसणार. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत साधारण तीन मिमी. तुम्हाला ड्रॉइंग मिमीमध्ये काढायला शिकवतात, आणि साइटवरचा माणूस, तो बारमेरचा असो की बार्शीचा, सूत बोलतो. 18 मिमीच्या प्लायला जुने सुतार अजून 'सहा सुती' म्हणतात, आणि सहा सूत म्हणजे 19 मिमी. हा एक मिमी तिथे कुणालाच खुपत नाही. तो खुपतो तो तुझ्या बेरजेत.

कारण दुसरी चूक तिथेच आहे. तू पाठवलेल्या ड्रॉइंगमध्ये कपाटाच्या चार उभ्या फळ्या आहेत आणि चारही एकेका रेघेच्या आहेत. 18 मिमीचा प्लाय, बाहेरून 1 मिमीचा सनमायका, आतून पाऊण-एक मिमीचं लायनर, असं धरून एक फळी 20 मिमीची होते. चार फळ्या म्हणजे 80 मिमी, तीन इंचांहून जास्त. म्हणजे कपाट बसलं असतं तरी मामींच्या साड्यांचा कप्पा तुझ्या ड्रॉइंगपेक्षा इंचभर अरुंदच निघाला असता.

आणखी एक, विचारलं नाहीस तरी सांगते. तू कपाटाची खोली 25 इंच धरली आहेस. प्लायचं शीट आठ बाय चार फुटांचं येतं. त्यातून साडेतेवीस इंचांच्या दोन पट्ट्या निघतात, मधला थोडा भाग करवतीच्या पात्यात जातो. 25 इंचांची एकच निघते, आणि उरलेल्या पट्टीचे पैसे मामा भरतात. कपाटाला साडेतेवीस अधिक दार एवढी खोली पुरते, हँगरवरचा शर्ट त्यात आडवा बसतो. सरकतं दार असेल तरच आणखी तीनेक इंच लागतात, कारण दोन दारं एकापुढे एक धावतात.

आता अडकलेल्या कपाटाचं काय? कुठे अडकलंय ते आधी बघ. स्कर्टिंगला अडकलं असेल तर कोनाड्यापुरती टाइल कटरने कापून घे, अर्ध्या दिवसाचं काम आहे. वर अडकलं असेल तर मात्र एक बाजू सोडवून वरची-खालची फळी चार सूत कमी करावी लागेल आणि तिन्ही दारं पुन्हा कापून कडेची पट्टी नव्याने चिकटवावी लागेल. खर्च निम्मा-निम्मा करा. कापायला घेण्याआधी साइटवर येऊन माप पडताळणं हे सुताराचंही काम असतं, हे त्यांनाही माहीत आहे. म्हणून तर ते इतके चिडलेत.

आणि मामींना चहा करून दे, तुझ्या हातचा.

माझ्या क्लायंट मॅडम आणि त्यांच्या सासूबाई किचनबद्दल अगदी उलट सांगतात. मॅडम पैसे देणार आहेत. मी कुणाचं ऐकू? (विद्यार्थिनी, सोलापूर)

दोघींच्या कोपरांचं.

थट्टा करत नाही. 2003 च्या सुमाराला मी कोथरूडमध्ये एक किचन केलं. घरातली सून साडेपाच फूट उंच, बँकेत नोकरीला. सगळ्या मीटिंगांना तीच यायची. मी तिला उभं करून माप घेतलं आणि ओटा 35 इंचांवर घेतला. काळा ग्रॅनाइट, खाली तेव्हा नव्याने आलेल्या सॉफ्ट-क्लोज चॅनलच्या ट्रॉल्या, सगळं देखणं. दीड वर्षाने संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेले तर सासूबाई ओट्यापुढे लाकडी पाटावर उभ्या राहून भाकरी थापत होत्या. उंची जेमतेम पावणेपाच फूट. सून आठला घराबाहेर पडायची, म्हणजे दोन्ही वेळचा स्वयंपाक सासूबाईच करत होत्या, आणि ते मी एकदाही विचारलं नव्हतं. त्या काही बोलल्या नाहीत. पाटावरून उतरल्या, माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि पुन्हा पाटावर चढल्या. तो पाट मी पुढे कैक वर्षं तिथे पाहिला. त्याला मधे पायांचे दोन खळगे पडले होते.

ओट्याची उंची कोपरापासून खाली साधारण चार इंच असावी. पावणेपाच फुटांच्या बाईला 31-32 इंच पुरतात, सव्वापाच फुटांच्या बाईला 34. घरात दोन्ही असतील तर ओटा सलग एकाच पातळीत असला पाहिजे असा काही कायदा नाही. शेगडीचा भाग दोन-तीन इंच खाली घे, कारण शेगडी आणि वरचं पातेलं यांचीही उंची असतेच. सिंकचा भाग वर ठेव, कारण सिंकमध्ये हात खाली जातात आणि कंबर तिथेच वाकते. सलग ग्रॅनाइट तुटतो म्हणून मॅडम नाराज होतील. त्यांना एक आठवडा दोन्ही वेळचा स्वयंपाक करायला सांग.

आणि तिसरी बाई विसरू नकोस. भांडी घासायला येणाऱ्या मावशी ड्राय बाल्कनीत उभ्या राहून घासतात की बसून, हे त्यांनाच विचार. बसून घासत असतील तर नळ, कट्टा आणि नहाणी ट्रॅपचा, म्हणजे फरशीतल्या पाणी जायच्या जाळीचा, उतार सगळं बदलतं. (हा 'नहाणी ट्रॅप' आपल्या न्हाणीतूनच प्लंबिंगच्या इंग्रजी ड्रॉइंगांमध्ये गेला, आणि आता कॉलेजातली मुलं तो परदेशी शब्द समजून उच्चारतात.)

तिसऱ्या वर्षाला कमर्शिअल प्रोजेक्ट म्हणून दातांचा दवाखाना घेतला आहे. जागा खरी आहे, ओळखीच्या डॉक्टरांची : 14 बाय 25 फुटांचा गाळा, रस्त्यापासून तीन पायऱ्या वर. रिसेप्शन छान जमलंय, पण सर म्हणतात 'हे घरच वाटतंय'. घर आणि कमर्शिअल यांत नेमका फरक काय? (विद्यार्थी, नाशिक)

घरात जो पैसे देतो तो तिथेच राहतो. दवाखान्यात पैसे देणारे डॉक्टर असतात, पण जागा वापरतात ते पेशंट, मदतनीस, सफाई करणारी बाई आणि कॉम्प्रेसर दुरुस्त करायला येणारा माणूस. त्यातलं कुणीही मीटिंगला येत नाही. सोलापूरच्या मुलीला मी वर जे सांगितलं तेच इथे चौपट.

तुझ्या प्लॅनमध्ये रिसेप्शनने जवळजवळ निम्मी जागा खाल्ली आहे. आता खुर्चीपासून सुरुवात कर. डेंटल चेअरला एका खुर्चीसाठी साधारण नऊ बाय दहा फूट हवेत. खुर्चीखाली पाणी, ड्रेन, दाबाची हवा आणि वीज अशा चार गोष्टी फरशीखालून येतात. त्यांची जागा फरशी बसवण्याआधी ठरते, नंतर खुर्ची फूटभर सरकवायची म्हटलं तरी फरशी फोडावी लागते. या क्षेत्रात जागा घड्याळाच्या भाषेत सांगतात. पेशंटचं डोकं घड्याळाच्या मध्यावर आणि पाय सहाच्या दिशेला धर. उजव्या हाताने काम करणारे डॉक्टर 9 ते 12 च्या पट्ट्यात बसतात, मदतनीस समोर 2 ते 4 च्या. म्हणजे डोक्यामागे आणि दोन्ही बाजूंना स्टूल फिरायला जागा हवी, आणि तू तिथेच भिंतीला टेकवून स्टोरेज दिलं आहेस. डॉक्टर डावखुऱ्या असतील तर सगळं आरशातल्यासारखं उलटेल. विचारलंस का त्यांना?

मग घाणीचा रस्ता काढ. वापरलेली हत्यारं खुर्चीपासून सिंककडे जातात, धुतली जातात, ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात) जातात आणि पलीकडच्या बाजूला स्वच्छ होऊन कपाटात जातात. हा रस्ता एकाच दिशेने जायला हवा. तुझ्या प्लॅनमध्ये स्वच्छ ट्रे सिंकच्या उडालेल्या शिंतोड्यांतून परत येतो. 2016 च्या जैव-वैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार पिवळा, लाल, पांढरा आणि निळा असे चार वेगळे डबे लागतात. आजवर एकाही विद्यार्थ्याच्या प्लॅनमध्ये मला त्यांची जागा आखलेली दिसलेली नाही. मग ते डबे सबंध आयुष्य त्या देखण्या रिसेप्शनच्या कोपऱ्यात झाडामागे उभे राहतात. एक्स-रे मशीन असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि ते कुठे बसतंय याला अर्थ असतो, तेव्हा ते 'इथे कुठेतरी' असं दाखवू नकोस.

दिवे. रिसेप्शनला 3000 केल्व्हिनचा उबदार पिवळा प्रकाश दिलास, चांगलं केलंस, घाबरलेल्या माणसाला बरं वाटतं. पण तोच प्रकाश खुर्चीवर नको. बसवायच्या कृत्रिम दाताची छटा शेजारच्या खऱ्या दाताशी जुळवताना दिवसाच्या उजेडाजवळचा, 5000 ते 5500 केल्व्हिनचा आणि 90 च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) असलेला प्रकाश हवा. आणि ती पोपटी भिंत काढ. तिचं प्रतिबिंब दातावर पडेल, आणि डॉक्टरांना वाटेल लॅबने छटा चुकवली.

आता त्या तीन पायऱ्या. एक पायरी सहा इंच धरली तर दीड फूट उंची. चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्पचा उतार 1:12 लागतो, म्हणजे 18 फूट लांब रॅम्प, आणि वर खुर्ची वळवायला पाच फूट मोकळी जागा. तुझा पूर्ण गाळाच 25 फुटांचा आहे. तेव्हा रॅम्प गाळ्यासमोर सरळ काढता येणार नाही, शेजारच्या दुकानांच्या कठड्यालगत वळवून घ्यावा लागेल, आणि त्यासाठी शेजाऱ्यांशी, सोसायटीशी बोलावं लागेल. ते बोलणं हेही डिझाइनच. तू मात्र पायऱ्यांवर एक त्रिकोण काढून 'रॅम्प' असं लिहिलं आहेस. मोजला मी तो. त्यावरून बकरीसुद्धा चढणार नाही.

माझ्या कॅफेच्या प्रोजेक्टला छत बांबूचं आणि खाली कापडाच्या झालरी आहेत, सगळ्यांना आवडलं. ज्युरीत (प्रोजेक्ट तपासणाऱ्या परीक्षकांत) एका बाईंनी फक्त 'बाहेर कुठून जायचं' एवढंच विचारलं आणि मार्क कापले. हा अन्याय नाही का? (विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

नाही.

29 डिसेंबर 2017 ला मध्यरात्र उलटून थोडाच वेळ झाला होता, तेव्हा मुंबईत लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या पबला आग लागली. 14 माणसं गेली. त्यातली बरीचशी स्वच्छतागृहात सापडली. बाहेरची वाट दिसेना तेव्हा लोक दार दिसेल तिकडे गेले, आणि ते दार आतल्या बाजूचं होतं. दरवर्षी पहिल्या तासाला मी मुलांना एवढंच सांगते आणि मग प्लॅन काढायला लावते.

तुझ्या प्लॅनमध्ये साठ खुर्च्या आहेत आणि तीन फुटांचं एकच दार, तेही आत उघडणारं. दुसरी वाट किचनमधून, गॅसच्या सिलिंडरांशेजारून जाते. बाहेर उघडणारी दोन दारं दे, एकमेकांपासून लांब. कुठल्याही टेबलावर बसलेल्या माणसाला त्यातलं एक तरी दिसलं पाहिजे. मग बांबूचं बघू. कापड मात्र काढच.

माझी मुलगी बारावीला 84 टक्क्यांनी पास झाली आहे. इंजिनीअरिंग सोडून इंटिरिअर करायचं म्हणते. पडदे निवडण्यासाठी चार वर्षं आणि एवढी फी कशाला? (पालक, लातूर)

पडदे निवडायला चार वर्षं लागत नाहीत, तुमचं बरोबर आहे. तिला वर्षं लागतील ती वीज कुठून कुठे जाते, कोणती भिंत फोडली तर वरचा मजला खाली येईल आणि पन्नास हजारांच्या प्लायमध्ये किती वाया जातं, हे शिकायला. इंजिनीअरिंगच्या धास्तीने ती इकडे येत असेल तर सावध करा, गणितापासून इथेही सुटका नाही.

कायद्याची बाजू तुम्हाला ठाऊक असावी. 1972 च्या कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यांनाच 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येतं. इंटिरिअर डिझायनरसाठी तसा कायदा नाही. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझायनर्स ही संस्था त्याच 1972 सालापासून आहे, पण तिचं सभासदत्व हा काही परवाना नव्हे. याचा एक अर्थ असा की तीन महिन्यांचा कोर्स केलेला माणूसही दारावर पाटी लावू शकतो. तुमच्या मुलीला अशाच माणसांशी स्पर्धा करायची आहे, म्हणून शिक्षण नीट हवं. पदवी आहे, तंत्रनिकेतनांत पदविका आहे. फी भरण्याआधी कॉलेज बघायला जाल तेव्हा भिंतीवरची रंगीत चित्रं बघू नका. सुतारकामाची शेड आहे का विचारा आणि असली तर आत जा. जमिनीवर लाकडाचा भुसा दिसला तर कॉलेज चालू आहे.

थोडक्यात काही.

डोंबिवलीच्या विद्यार्थिनीला : आत्याकडून कामाचे पैसे घ्यावेत का? घ्यावेत. कमी घे, पण घे, आणि किती वेळा बदल करून देणार ते कागदावर लिही. फुकटच्या कामात बदल संपत नाहीत, आणि शेवटी आत्याही दुरावते.

नांदेडच्या विद्यार्थ्याला : क्लायंट मोबाइलवर एआयने बनवलेली हॉलची चित्रं आणतो, त्याच्यापुढे माझं ड्रॉइंग फिकं वाटतं, हे तुझं म्हणणं खरं आहे. चित्र घे आणि त्याच्याच समोर त्यावर मापं टाक. तो सोफा भिंतीच्या मापात धरला की किती फुटांचा निघतो ते मोज. परवा एकाच्या चित्रात टीव्हीच्या भिंतीत एकही प्लग नव्हता आणि खिडकीतून जी बाग दिसत होती तिथे प्रत्यक्षात जिन्याचा डक्ट आहे. आम्ही दोघं हसलो आणि मग कामाचं बोलायला लागलो.

साताऱ्याच्या विद्यार्थिनीला : सबमिशनसाठी सनमायक्याचे नमुने कुठे मिळतील? पुण्यात येणार असशील तर भवानी पेठेत टिंबर मार्केटच्या आसपास, सकाळी अकराच्या आत. दुपारी दुकानदार ठेकेदारांत गुंतलेले असतात. विजेच्या सामानासाठी तपकीर गल्ली. सनमायक्याच्या दुकानात नमुन्यांचं फोल्डर मागू नकोस, तुकडे माग.

गुहागरजवळ आमचं जुनं घर आहे, जांभ्याचं आणि कौलारू. पर्यटकांसाठी तीन खोल्या करायच्या आहेत आणि घरचे म्हणतात तूच डिझाइन कर. जिप्समचं फॉल्स सीलिंग, लपवलेले दिवे, लाकडी दिसणारी लॅमिनेट फरशी असं थ्रीडी केलं. बाबांना आवडलं. आजी म्हणाली, 'माझं जातं कुठे गेलं?' (विद्यार्थी, रत्नागिरी)

तुझं थ्रीडी मी दोनदा बघितलं. बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटला ते शोभेल. तुमच्याकडे वर्षाला तीन हजार मिमीच्या वर पाऊस पडतो, आणि कौलारू घर त्या पावसात उभं आहे ते श्वास घेत घेत. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. खाली जिप्सम लावलंस की ती वाट बंद. वर अंधारी पोकळी तयार होते, तिथे उंदीर येतात, आणि उंदरांमागून कोण येतं ते आजीला विचार. पहिल्या पावसाळ्यात एक कौल सरकलं तरी ते कुठून गळतंय हे दिसणारच नाही, फक्त जिप्समवर पिवळा डाग फुगेल. वासे उघडे ठेव. उजेड कमी वाटत असेल तर दर खोलीत एक-दोन काचेची कौलं बसव. दुपारी जमिनीवर पडणारा तो उन्हाचा चौकोन कुठल्या लपवलेल्या दिव्यातून येणार?

लॅमिनेटची फरशी आत एचडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाची असते, दमट हवेत तिच्या कडा फुगतात. त्याच जातीच्या एमडीएफला तर गावाची वेससुद्धा ओलांडू देऊ नकोस. कपाटं कमीत कमी कर, करशील ती आयएस 710 च्या (ओलीत टिकणाऱ्या मरीन) प्लायची, आणि भिंतीपासून दोन इंच सोडून, पायांवर उभी, म्हणजे वाळवी चढली तर दिसेल. जांभ्याला आतून सिमेंटचं प्लास्टर आणि वर ऑइलपेंट असा बेत असेल तर तोही सोड. दगडातली ओल अडकते आणि रंगाचे पापुद्रे निघतात. चुन्याचा गिलावा कर, किंवा एखादी भिंत तशीच उघडी राहू दे.

या कामाची खरी अडचण न्हाणीघर आहे. प्रत्येक पाहुण्याला खोलीला जोडून बाथरूम हवं असतं, आणि तू ती तिन्ही माजघराच्या बाजूला, घराच्या पोटात घातली आहेस. मैलापाण्याच्या चार इंची पाइपला साधारण 40 फुटांत एक फूट उतार लागतो. घराच्या मध्यातून तो काढायचा तर जोतं फोडावं लागेल. त्याऐवजी परसदाराच्या बाजूला एक पडवी वाढव आणि तिन्ही बाथरूम ओळीने तिथे घे. पाइप एकाच रेषेत बाहेर जाईल आणि जुनी भिंत फक्त दारापुरती उघडावी लागेल. शोषखड्डा विहिरीपासून पन्नास-साठ फूट तरी लांब, आणि उताराच्या बाजूला. हे कागदावर ठरवू नकोस. जुलैच्या पावसात छत्री घेऊन घराभोवती फिर आणि पाणी कुठून कुठे वाहतं ते बघ.

आणि ओले कपडे! समुद्रावरून आलेले पाहुणे ओले टॉवेल कुठे टाकणार, हे एकाही होमस्टेने ठरवलेलं मला दिसलेलं नाही. मग ते खुर्च्यांवर, पलंगांवर, झोपाळ्याच्या कड्यांवर पडतात. पुढच्या पडवीत छपराखाली प्रत्येक खोलीसाठी एक लांब वलणी दे. तुझ्या थ्रीडीतल्या टीव्ही युनिटपेक्षा तिचं कौतुक जास्त होईल.

जातं माजघरातच ठेव. आजी दळत असेल तर पाहुणे बघायला येतील, आणि दळत नसेल तरी ती तिथे बसते. तिची जागा आधी आख, मग तीन खोल्या.

मॅडम, एकच छोटा प्रश्न. टेप कोणता घेऊ? (पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी, जळगाव)

5 मीटरचा, रुंद पट्टीचा, म्हणजे भिंतीवर धरताना मधेच मोडून पडत नाही. एका कडेला मिमी आणि दुसऱ्या कडेला इंच, इंचांत सूताच्या खुणा स्पष्ट असलेला. टोकाचा हुक थोडा हलतो म्हणून दुकानदाराशी भांडू नकोस, तो मुद्दामच तसा सैल ठेवलेला असतो. आतून टेकवलं काय किंवा बाहेरून अडकवलं काय, हुकाच्या जाडीचा फरक पडू नये म्हणून. लेझरचं यंत्र नंतर घे, आधी हाताला सवय होऊ दे. टेपवर नेलपॉलिशने नाव घाल आणि साइटवर कुणी 'जरा दे गं' म्हणून मागितला तर तिथेच उभी राहा. मी आजवर चौदा टेप असे दिलेत.